जोडव्यात अडकलेला जीव

कुणाचा विश्वास बसणार नाही, हवी तर पैज लावा. पण मिरजगावात एक सहा फुटी माणूस बायकोच्या पायाच्या बोटावर जगत होता. आसाराम त्याचं नाव. त्याचा जीव काळजात नव्हता, रंगुबाईच्या जोडव्यात होता. हे खुद्द आसारामच टपरीवर मिशीला पीळ देत सांगायचा.

"एकदाच काढली हुती हिनं जोडवी, न्हानीत. तिकडं मी धावत्या टेम्पोवरनं फेकलो गेलो! हिनं परत घातली, अन् मी डोळं उघडलं."

दरवर्षी टेम्पोचा वेग वाढायचा. आता त्याला पंख फुटायचे तेवढे राहिले होते.

घरी पाहुण्यांपुढंही तो हेच सांगायचा, अन् रंगुबाई ऐकून घ्यायची. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, हे तिला आईनं शिकवलं होतं.

एका सकाळी ती शेळीला पाला टाकायला निघाली आणि लिंबापाशीच थांबली. उजवी पोटरी भरून आली होती. जरा टेकलं की कळ जायची, चाललं की पुन्हा. हल्ली तर निजतानाही पाय बाजेखाली लोंबता सोडावा लागे. शुगर होतीच, मशेरी सुटत नव्हती. पाऊल माठासारखं गार पडलेलं, म्हणून आसारामनं विटकर तापवून शेक दिला. बधिर पायाला चटका कळलाच नाही. जोडव्याखालचं बोट फुगलं, निळं झालं, मग कडेनं काळं पडत गेलं. घरात कुजका वास फिरू लागला. मांजर बाजेखाली येऊन बसायला लागलं, हुसकलं तरी जाईना.

जोडवं कापायला सोनार पक्कड घेऊन आला, तर आसारामनं त्याला उंबऱ्यावरूनच पिटाळलं. "मला मारायला आलास व्हय रं?"

शेवटी सून रेश्मानं रिक्षा दारात आणली. "आत्या, बसा. मामांना काय बोलायचं ते बोलू द्या."

आसारामही मागोमाग चढला. जोडव्यावर नजर ठेवायला.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर स्नेहलनी पावलावर, घोट्यामागं बोटं ठेवून नाडी शोधली. सापडेना. दंडाला पट्टा बांधला, मग घोट्याला. घोट्याचा दाब दंडाच्या निम्माही भरेना. सोनोग्राफीत मांडीतली रक्तवाहिनी बंद दिसली.

"मावशी, पाटाला पाणी नाही, तर शेंडा वाळणारच. आजच फुगा घालून शीर उघडू. बोट जाईल, पण पाऊल वाचेल बहुतेक. थांबलात, तर पाय गुडघ्यापासून जाईल. आधी हे जोडवं कापायचं."

"हात लावायचा न्हाई!" आसाराम ताडकन उठला. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. सांगून सांगून ती गोष्ट त्याला स्वतःलाच खरी वाटू लागली होती. "इचारा हिलाच, मॅडम. हिनं जोडवी काढली, अन् त्याच दिवशी मी टेम्पोवरनं—"

"खोटं हाय," रंगुबाई म्हणाली.

रेश्मानं नाकाला लावलेला पदर खाली घेतला.

"जोडवी माझ्या पायातच हुती. वरातीच्या टेम्पोच्या टपावर तुमी नाचत हुता, म्हनून पडला. तुमाला उचलायला मी आतनं उडी टाकली, तवा ह्येच जोडवं टेम्पोच्या मागच्या फाळक्यात अडाकलं. ह्येच बोट सोललं. रगात गळत्या पायानं तुमचं डोकं मांडीवर घिऊन बसले हुते मी."

तिनं काळ्या बोटाचं पाऊल डॉक्टरांपुढं सरकवलं.

"कापा, बाई."