हिरड्याचा पिवळा

तमिळनाडूतल्या संकरनकोविलच्या विणकर आळीत सोर्णमला सगळे ‘मंजप्पै सोर्णम’ म्हणत. मंजप्पै म्हणजे हळदीच्या रंगाची कापडी पिशवी. गंमत अशी, की गेली पंचवीस वर्षं ती विकत होती प्लास्टिकच्या पिशव्या. पण गावाने एकदा नाव ठेवलं की ठेवलं. माणूस बदलला म्हणून नाव बदलायचे कष्ट कोण घेतो?

नाव पडलं ते नवऱ्यामुळे. मासिलामणी लग्नाच्या पिशव्या छापायचा. लग्नाला आलेला माणूस परत निघाला की त्याच्या हातात नारळ, विड्याची पानं आणि सुपारी घातलेली पिवळी पिशवी पडलीच पाहिजे. पिशवीवर वर गणपती, खाली नवरानवरीची नावं, मुहूर्त, मांडवाचा पत्ता. अक्षरं मासिलामणी स्वतः हाताने काढायचा. त्याच्या ‘ळ’ची शेपटी अंग वळवून बसलेल्या मांजरासारखी असायची. मागच्या अंगणात मोठ्या हंड्यात कापड रंगवायचं, ते वाळलं की सोर्णमने शिवायचं, मग त्याने जाळीची चौकट ठेवून छापायचं. लग्नसराईत दोघांचे हात कोपरापर्यंत पिवळे. पांढरा भात कालवला तरी हळदीचा वाटायचा.

त्या पिशव्या मरत नसत. लग्नातला नारळ फोडून खाल्ला की पिशवी बाजाराला लागायची. मग कुणी तिच्यात कोर्टाचे कागद घालून तिरुनेलवेलीला जायचा, कुणी बियाणं भरून आढ्याला टांगायचा. अगदीच जीर्ण झाली की चुलीवरचं भांडं उतरवायला कामी यायची. सोर्णम बाजारातून जाताना येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताकडे बघायची आणि मनात म्हणायची, ही कुट्टालिंगमच्या थोरलीची, ही पावसाने मांडव पडला होता त्या लग्नाची.

पुढे दिवस पालटले. शहरात शिकायला गेलेल्या पोरांना पिवळी पिशवी हातात धरायची लाज वाटायला लागली. पिवळी पिशवी दिसली की शहरातली मुलं म्हणायची, आला बघा खेडवळ. आणि खरं सांगायचं तर प्लास्टिक सोर्णमलाही आवडलं होतं. कापडाच्या पिशवीतून मासळी आणली की तीन धुण्यांत वास जात नसे. एकदा पावसात मुलीची शाळेची प्रमाणपत्रं पिशवीसकट भिजली, त्यावरचे शिक्के पसरले. त्या दिवशी ती मासिलामणीला म्हणाली, “तुमच्या पिशवीपेक्षा ती चिमूटभर वजनाची पिशवी बरी. पाणी आत घेत नाही.”

“आत घेत नाही आणि संपतही नाही,” तो म्हणाला.

“लग्नं कमी झालीत का गावात? नाही ना? पिशव्या कमी झाल्यात. आपण प्लास्टिकचं दुकान टाकू या.”

तो वर्षभर नाही म्हणत राहिला. ती रोज विषय काढायची. मग एका सकाळी कॉफी पिता पिता तो एकदम म्हणाला, “टाक दुकान.” त्याच आठवड्यात त्याने हंडा विकला. पुढे तो पाट्या रंगवायचा, पाट्या गेल्यावर बसस्टँडजवळ बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. दुकानात मात्र कधी बसला नाही. आठ वर्षांपूर्वी तो गेला. आपण मागे लागून या माणसाच्या हातातली कला मारली, हे सोर्णमने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण गाठ बसली होती.

जानेवारीत सरकारने प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या. नगरपालिकेची माणसं आली, सोर्णमने त्यांना पोती स्वतःच दाखवली आणि प्यायला पाणीही दिलं. दुकान रिकामं झालं. झाडून काढताना तिला वाईट वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंच तिला नवल वाटलं.

पोंगल होऊन आठवडा झाला असेल. बेंगळुरूला नोकरी करणारी एक मुलगी दुकानात आली. कयल्विळी तिचं नाव. आल्याआल्या तिने सोर्णमला ‘आच्ची’, म्हणजे आजी, अशी हाक मारली. तिने खांद्यावरच्या बॅगेतून घडी घातलेलं एक विटकं कापड काढून सोर्णमच्या पुढ्यात उलगडलं. तीस वर्षांपूर्वीची लग्नाची पिशवी. बंद दोनदा बदललेले, तळाला ठिगळ. पण ‘तमिळ्सेल्वी’ हे नाव स्पष्ट वाचता येत होतं, आणि त्यातला ‘ळ’ तसाच शेपटी वळवून बसला होता.

“ही माझ्या अम्माच्या लग्नातली. आच्ची, मला माझ्या लग्नात अगदी अश्शाच पाहिजेत. दीड हजार.”

सोर्णमने पिशवीवरून हात फिरवला. “अगं, अक्षर काढणारा राहिला नाही.”

“अम्मा म्हणाली, आच्चीला विचार, ती नाही म्हणणार नाही.”

“तुझी अम्मा लग्नात इतकी रडली होती की नारळ द्यायचे राहूनच गेले होते. सांग तिला, मला आठवतंय म्हणावं.”

मुलगी हसली, आणि सोर्णमने हो म्हटलं.

तिने भाड्याने हंडा आणला, पिवळ्या रंगाची पुडी आणली. चाळीस हात कापड पहिल्या दिवशी रंगवलं. अंगणात दोरीवर पिवळं कापड वाऱ्याने फुगलं तेव्हा तिला वाटलं, आता मागच्या दाराने मासिलामणी येईल आणि म्हणेल, काठ नीट धर, डाग पडतोय. संध्याकाळी तिने हंडा कलंडला. पिवळं पाणी पूर्वीसारखंच गटारातून आळीच्या टोकाला, तिथून तळ्याकडे निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सुडलै उभा. सुडलै तळ्यात कमळं लावायचा आणि देवळात पुरवायचा. सत्तरी ओलांडली होती, तरी अजून कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा. मासिलामणीशी त्याचं फार जुनं भांडण होतं, आणि तेव्हापासून तो या घराची पायरी चढला नव्हता.

“सोर्णम, परत सुरू केलंस?”

“या अण्णाची.” थोरल्या भावासारख्या माणसाला आळीत ‘अण्णाची’च म्हणत. “आत तरी या.”

“आत नको. काल संध्याकाळी माझ्या पाण्याला पिवळी साय आली. मला वाटलं मासिलामणी उठून आला की काय.”

“थोडंच होतं हो. एका लग्नापुरतं.”

“तेव्हाही तो हेच म्हणायचा. थोडंच आहे. थोड्याथोड्याने माझा अर्धा मळा सडला होता. देवीला वाहायला मला दुसऱ्या गावाहून कमळं आणावी लागली होती. विसरलीस?”

सोर्णमला राग आला. “मग काय करू? प्लास्टिक विकलं तर सरकार येतं, कापड रंगवलं तर तुम्ही येता. लोकांनी नारळ काय डोक्यावर घेऊन जायचा?”

सुडलै हसला नाही. “चल माझ्याबरोबर. दाखवतो.”

ती चपला घालून निघाली. तळं भरलेलं होतं. पलीकडच्या बाजूला कमळांची पानं ताटांसारखी पसरली होती, गुलाबी कळ्या वर आलेल्या. सुडलै बांधावर उकिडवा बसला.

“एक सांगू? तुला खोटं वाटेल. तू प्लास्टिकचं दुकान टाकलंस, तेव्हा माझी कमळं परत आली. तुझा हंडा बंद झाला ना. दोन पावसाळ्यांत पाणी निवळलं. मी मनात तुला आशीर्वाद दिला होता.”

“मग आता काय?”

“ऐक तर. पाचसहा वर्षं बरी गेली. मग एका अवकाळी पावसात मोरीचं तोंड तुंबलं. तुझ्या पिशव्यांनी. बांध फुटून पाणी आळीत शिरलं, हातमागांच्या खड्ड्यांत भरलं, आठवतं? मोरीतून पिशव्या ओढून काढल्या त्या मीच. दोन दिवस. तळाला गेलेल्या अजून आहेत. देठ उपटला की मुळाशी एक तरी येतेच.” त्याने वाकून चिखलातून एक पिशवी ओढली. काळी पडली होती, पण फाटली नव्हती. “कापडाने माझं पाणी मारलं ते दोन वर्षांत सुधारलं. हिचं काय करायचं ते माझ्या नातवांनाही कळणार नाही. पण म्हणून तुझा हंडा चांगला, असं मी म्हणणार नाही.”

सोर्णमच्या मनात आलं, रंगवलेलं कापड तिरुपूरहून मागवता आलं असतं. पण तिथेही एक नदी होती, आणि त्या नदीच्या काठीही एखादा सुडलै असणारच. ती म्हणाली, “आमच्या ह्यांना आवडलं नसतं मी हे बोललेलं, पण तुमचं भांडण झालं तेव्हा मला तुमचाच राग आला होता. आणि पुढे मीच त्यांचा धंदा बंद पाडला. रोज मागे लागून.”

“तू?” सुडलैने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “तू बंद पाडलास?”

“मग कुणी?”

“अगं, भांडणानंतरही तो यायचा इथे. पहाटे, चालायला जातो म्हणून सांगून. या इथे बसायचा. बोलायचा नाही. कुजलेले देठ मी काढून टाकायचो, तो बघायचा. वर्षभराने एकदा म्हणाला, ‘सुडलै, मला आता हंडा पेटवताना हात जड होतो. घरात सोर्णम प्लास्टिकचं दुकान टाक म्हणतेय. मी नाही म्हणतो.’ मी म्हटलं, मग हो म्हण की, वेड्या. तर म्हणतो, ‘लगेच हो म्हटलं तर तिला कळेल मी तुला भ्यालो. अजून थोडे दिवस भांडू दे तिला.’”

सोर्णमने पदर तोंडाला लावला. आधी तिला हसू आलं, मग ते हसू राहिलं नाही. सुडलै तळ्याकडे बघत बसून राहिला, तिचं होईपर्यंत.

“पंचवीस वर्षं मी स्वतःला दोष देत बसले,” ती शेवटी म्हणाली. “एका शब्दाने सांगितलं नाही मेल्याने.”

“मलाही शपथ घातली होती. आता तो जाऊन आठ वर्षं झाली, शपथ फिटली असेल.”

त्या दुपारी तिने कयल्विळीला फोन केला. “पोरी, दीड हजार पिशव्यांतल्या किती लोक बाजारात नेतील?”

“म्हणजे?”

“तुझ्या अम्माने एक पिशवी तीस वर्षं वापरली. आता लोक एका सराईत दहा लग्नांच्या दहा पिशव्या घरी नेतात आणि दहाही माळ्यावर टाकतात. कापसाला पाणी लागतं, रंगाला पाणी लागतं. एवढं पाणी माळ्यावर टाकायचं का? मी चारशे करते. वापरतील त्यांना दे. बाकीच्यांना पान-सुपारी कमळाच्या पानात बांधून देऊ, केळीच्या सोपटाने. नारळ हातात. आपल्या लहानपणी तसंच असायचं. म्हणजे माझ्या लहानपणी.”

कयल्विळी म्हणाली, “सासरकडचे नावं ठेवतील आच्ची. म्हणतील, पिशवीतही काटकसर केली.”

“ठेवू देत. लग्नात नावं ठेवली नाहीत तर ते लग्न कसलं? आणि दुसरं सांगते. रंग तसा झगझगीत होणार नाही. हिरडा आणि तुरटीत काढणार, वरून थोडी हळद.”

“विटेल ना मग?”

“विटेल. विटू दे.”

हिरडे कुटायला तिने शेजारणींना बोलावलं. चार दिवस अंगणात खलबत्त्याचा आवाज आणि सासवांची निंदा एका तालात चालली. पहिली खेप शेवाळी उतरली, दुसरी मळकट. तिसऱ्या खेपेला वाळक्या गवतासारखा एक पिवळा आला. मासिलामणीच्या पिवळ्याच्या पासंगालाही न पुरणारा, पण डोळ्याला गार वाटणारा. अंगणात खड्डा खणून तिने उरलेलं पाणी त्यात ओतलं. खड्ड्याशेजारी केळ होती. तिची पानं करपतात का ते ती आठ दिवस बघत होती. सुडलैही बघत होता. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून यायचा, केळीकडे एक नजर टाकायचा, कॉफी पिऊन जायचा.

अक्षरं तिने जुन्या पिशवीवरूनच पातळ कागदावर उतरवली. आईच्या नावातला ‘ळ’ लेकीच्या नावात बसला. नवऱ्याचं नाव मतिवाणन. त्यातली दोन अक्षरं जुन्या पिशवीत कुठेच नव्हती, ती तिने स्वतः काढली. ती जरा कुबड आल्यासारखी झाली, पण तिने खोडली नाहीत.

लग्न मासी महिन्यात, शिवरात्रीच्या सुमारास झालं. सुडलैने पहाटे उतरून पानं आणली होती, अजून दव होतं त्यांच्यावर. सासरकडची एक बाई पानाची पुडी हातात घेऊन म्हणाली, “हे काय, देवळातला प्रसाद आहे का लग्न?” पण म्हाताऱ्या बायकांनी पुड्या उराशी धरल्या आणि एकमेकींना हुंगायला दिल्या. पिशव्या मात्र सगळ्या गेल्या नाहीत. जेवणाच्या रांगेतल्या खुर्च्यांखाली पंधरावीस पडलेल्या सापडल्या. सोर्णमने त्या झटकून घडी घातल्या. तिला थोडं लागलं, फार नाही. एका म्हाताऱ्याने चार उचलल्या होत्या, त्याला तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

कयल्विळी बेंगळुरूला निघाली तेव्हा सोर्णमने तिला लिंबाचं लोणचं दिलं. बरणी पुसली, तरी तेल झाकणातून पाझरत होतं. ती आत गेली, फळीच्या मागे राहिलेली एक प्लास्टिकची पिशवी शोधून आणली, बरणी तिच्यात घालून गच्च गाठ मारली.

“आच्ची! तुम्ही?”

“तेलाला कापड चालत नाही गं. खोटं कशाला बोलू? पण ही पिशवी धू, आणि पुढच्या लोणच्याला हीच घेऊन ये. टाकलीस तर सुडलै अण्णाचीला सांगेन.”

त्या सराईत सोर्णमकडे आणखी तीन लग्नं आली. दोघांना झगझगीत पिवळा हवा होता, ती नाही म्हणाली आणि ते दुसरीकडे गेले. तिसरे राहिले. त्यांनी दोनशेच पिशव्या सांगितल्या. त्या दिवशी ती हिरडे निवडत बसली असताना सुडलै आला, आणि या वेळी न बोलावता पायरी चढून आत येऊन बसला.

“कॉफी टाक,” तो म्हणाला. “आणि त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट राहिली आहे सांगायची. हिच्यासाठी शपथ नव्हती घातलेली, मीच विसरलो होतो.”

सोर्णमने सूप बाजूला ठेवलं आणि चुलीवर पाणी चढवलं.