कोणता वार?

"आई, बघा! पहिल्याच फटक्यात!" सुईत दोरा ओवून सुनेने सुई अशी उंचावली, जणू किल्लाच सर केला.

"बघितलं. नाचू नकोस, आठवा लागलाय," सासू म्हणाली खरी, पण तिचेही डोळे भरून आले.

सून शिंप्याच्या दुकानात काजं करायची. वर्षभरापूर्वी सुई बोटात घुसली तरी तिला पत्ता नसायचा. शर्टावर रक्त बघून मास्तर ओरडले की कळायचं. दुखणंच चमत्कारिक. शरीराच्या राखणीला ठेवलेले पहारेकरीच आतल्या नसा कुरतडत होते. पण पोटात मूल आलं आणि बोटं हळूहळू जागी झाली. सासूने श्रेय आपल्या मालिशीला दिलं, मास्तरांनी नव्या सुयांना, आणि नवऱ्याने, काही न करता, स्वतःला.

डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही निकालात काढलं. "हे सगळं करतेय ती वार."

"कोणता वार?" सासूने घाईने विचारलं. "मंगळवार असणार. मंगळवारी हिची काजं फार सुबक होतात."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "अहो, पोटातली वार! बाळाला पोसते ती. तिच्यातून एक हार्मोन सुटतं, ते या पहारेकऱ्यांना आवरतं असं दिसतं." मग त्या सुनेकडे वळल्या. "पण बाळंतपणात वारही जाते. पुढच्या काही महिन्यांत दुखणं उलटू शकतं. आपण औषधं देऊ. हमी मात्र नाही देता येत."

घरी येताना सासूने सुनेचा हात एकदाही सोडला नाही. असं याआधी कधी घडलं नव्हतं.

मुलगी झाली. थोड्या वेळाने आया म्हणाली, "वार पडली. सुटलीस गं बाई!"

"मावशी, थांबा. बघू द्या मला."

"ही काय बघायची वस्तू? लेक बघ की!"

तरी तिने हात लांबवून त्या कोमट गोळ्याला बोटं टेकवली. "फार केलंस गं माझ्यासाठी," ती पुटपुटली. आयाने भांडं आणखी जवळ धरलं.

सासूने घट्ट गुंडाळलेली नात तिच्या कुशीत ठेवली. तिने दुपटं सोडलं आणि बोटं फिरवू लागली. कानाची पाळी, मानेवरची लव, टाचेवरची सुरकुती. कुठे घाई नाही, काही सुटलं नाही.

"अगं, गार वारा..." सासू बोलता बोलता थांबली. मग उठून तिने खिडकी लावून घेतली.