खिळ्यांनी ठोकलेलं निशाण

मी एक जुनं, विटलेलं निशाण आहे, मित्रांनो. निळा, पांढरा, तांबडा असे माझे तीन पट्टे. सँ-मालो बंदरात केर्वेलांच्या घरच्या बायकांनी मला शिवलं आणि यान केर्वेला या तरुण फ्रेंच कप्तानाच्या जहाजावर मी चढलो. इंग्रजांशी लढाई चालू होती. त्यांची व्यापारी जहाजं पकडणं हे आमचं काम. माझा तोरा तेव्हा विचारूच नका!

अशाच एका जहाजावर इंग्लंडमधल्या फाल्मथची टॅमसिन ट्रेगेन्झा सापडली. कैदी झाली, पण जीभ मोकळीच. यान अदबीनं वागे आणि ती त्याला शब्दांनी सोलून काढी. दोनच आठवड्यांत त्या भांडणाशिवाय दोघांना जेवण जाईना. वादळात मी फाटलो, तेव्हा सुई घेऊन तीच बसली.

"शत्रूचं निशाण शिवताय?" यान हसला.

"फाटकं पाहवत नाही म्हणून. नाहीतरी आमची तोफ दिसली की तुमची निशाणं पटापट खाली येतात!"

समुद्रावर निशाण उतरवलं की शरण आले असं समजतात आणि तोफा थांबतात. यानचा चेहरा लालबुंद झाला. "पेरिक, हातोडा आण!"

म्हातारा सुतार पेरिक पुटपुटला, "कप्तान, टोमण्यापायी निशाणाची दोरी सोडू नका. खिळ्यांनी ठोकलेलं निशाण वेळेला उतरत नाही."

पण यान स्वतः वर चढला आणि चार खिळ्यांनी मला डोलकाठीला ठोकून आला. टॅमसिननं टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही फुगलो.

"पहिल्या बंदरात तुम्हाला सोडतो," त्या दिवशी यान म्हणाला.

"सोडा. पण मग तुम्हीही या सोबत," ती म्हणाली आणि प्रथमच तिची मान खाली गेली.

त्यानंतर चौथ्या दिवशी मोठं इंग्रजी लढाऊ जहाज आडवं आलं. त्याच्या तोफांच्या माऱ्यात लाकडाची ढलपी टॅमसिनच्या खांद्यात घुसली. तिचं रक्त पाहून यान ओरडला, "पुरे! निशाण उतरवा!"

उतरवणार कसं? खलाशांनी पांढरे सदरे हलवले, पण धुरात ते कुणाला दिसणार? यान पकड घेऊन चढला. तीन खिळे उपटले. चौथ्याला हात घातला आणि गोळी लागली. तो पडताना मी त्याच्या मुठीत होतो. त्याच्या भारानं फाटून खाली आलो. तोफा लगेच थांबल्या.

"मी नुसतं चिडवलं होतं हो," टॅमसिन त्याला हलवत राहिली. "यान, नुसतं चिडवलं होतं!"

फाल्मथमध्ये तिनं मला चाळीस वर्षं जपलं. शत्रूचं फडकं बाळगते म्हणून लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. लग्न तिनं केलं नाही. ती गेल्यावर भाचीनं मला बटाट्यांच्या पोत्यांवर टाकलं. आता उंदीर येतात.

मित्रांनो, मला धुवा, मिरवा, असं मी म्हणत नाही. मानापायी कुणी हट्टाला पेटलं, तर टाळ्या मात्र वाजवू नका. त्या दिवशी मी हातभर जरी खाली सरकलो असतो, तरी यान वाचला असता. तेवढं मला जमलं नाही.