चार नंबरची बराक

आमच्या घरात एका हीटरवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी भाऊबंदकीतही होत नसतील. मी लोकांच्या इमारतींचं इंधन वाचवून पोट भरणारी बाई, आणि माझ्याच घरात माझी थोरली बहीण संध्याकाळपासून एका रिकाम्या खोलीत हीटर लावून ठेवणार. खोली ढब्बूची. ढब्बू म्हणजे ताईचा मुलगा, माझा भाचा. लहानपणी गोलमटोल होता म्हणून ढब्बू. फौजेत गेल्यावर वाळून काटकी झाला, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. भाऊजी गेल्यावर मायलेक माझ्याकडेच राहायला आले, आणि मी त्याच्यामागे दिवे मालवत फिरायचे म्हणून त्याने माझी 'मीटरमावशी' करून टाकली.

"अगं, खोलीत चिटपाखरू नाही. कुणासाठी तापवतेस?" मी विचारायचे.

"तो आला आणि खोली गार लागली तर?"

"आला की लाव. दहा मिनिटांत तापते."

"दहा मिनिटं तरी का गारठावं त्याने?" असं म्हणून ताई विषय संपवायची. मग मी आत जाऊन बटण बंद करायचे आणि माझी पाठ वळली की ती पुन्हा चालू करायची.

ढब्बूचे फोन थंडी पडायच्या आधीच बंद झाले होते. त्याच्या फौजी तळावर फोन केला की एक गोड आवाजाची बाई दर वेळी तेच सांगायची: तुकडी सरावावर आहे, सरावात मोबाइल जमा करतात, काळजी करू नका. सीमेवर काय चाललंय हे टीव्हीवर कुणी बोलत नव्हतं आणि बाजारात सगळे बोलत होते. ताईने त्या बाईचा शब्द घट्ट धरून ठेवला होता. सराव म्हणजे सराव, सरावात कुणी मरत नाही, असं ती मला समजावत बसायची.

आणि नेमकं त्याच तळाचं काम आमच्या कंपनीला मिळालं. कामाआधी आमच्या नातेवाइकांची चौकशी झाली, पण त्यात नवरा आणि मुलंच विचारली होती. मला दोन्ही नाहीत. मावशीला कोण विचारतो?

काम असं, की तळावरच्या सगळ्या इमारती सॉफ्टवेअरमध्ये उभ्या करायच्या. भिंत किती जाड, खिडकीला काच एकेरी की दुहेरी, छपरातून किती ऊब पळते, बॉयलर किती म्हातारा झालाय, सगळं भरायचं. मग वर्षभराचं हवामान घालायचं आणि संगणकातली इमारत खऱ्या मीटरएवढंच इंधन खाते का ते बघायचं. जुळलं की तिच्यावर प्रयोग सुरू. खिडक्या बदलल्या तर किती वाचेल, छपराला अस्तर लावलं तर किती. खरी वीटसुद्धा हलवावी लागत नाही. यात माणसंही भरावी लागतात, कारण माणूसही खोली तापवतो. झोपलेला माणूस जुन्या साठ-सत्तर वॅटच्या बल्बाएवढी ऊब देतो. हे मी एकदा ढब्बूला सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे मी सुट्टीवर आलो की तुझं बिल कमी यायला हवं, मीटरमावशी!"

"चार नंबरच्या बराकीत असतो तो," ताईने मला बजावलं. "खिडकीकडून तिसरी खाट. बघून ये."

तळाच्या देखभालीचा एक चष्मेवाला कॅप्टन मला इमारती दाखवायला होता. सरळ पोरगा. जिना आला की "सांभाळून, मॅडम" म्हणायचा. चार नंबरचं कुलूप त्यानेच उघडलं. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, त्यांवर चौकोनी घड्या घातलेली ब्लँकेटं. तिसऱ्या खाटेखाली रबरी चपला होत्या, एक सुलटी, एक पालथी. लेकाला जन्मात कधी चपला धड काढता आल्या नाहीत. मोजमापाचं निमित्त करून मी वाकले आणि पालथी होती ती सरळ केली.

मग लक्षात आलं की मला घाम येतोय. भिंतींलगतचे गरम पाण्याचे रेडिएटर तापलेले होते, सगळेच्या सगळे. महिनोन्‌महिने जिथे माणूस नाही ती बराक भट्टीसारखी गरम ठेवली होती.

कॅप्टन ओशाळला. "बंद करायचा आदेश नाही, मॅडम. तुकडी कधीही परत येईल म्हणून."

एरवी असा अपव्यय दिसला असता तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी मी रेडिएटरवर तळहात ठेवून उभी राहिले. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी खिडकीची फट तपासत बसले.

तळावरचं घरी बोलायचं नव्हतं, पण हे पोटात ठेवणं मला जमलं नाही. ताईला सांगितलं. ती टाळी वाजवायचीच बाकी होती. "बघ! फौजसुद्धा लावून ठेवते! आणि तू मला वेड्यात काढतेस." त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. हीटर मात्र मी त्याही दिवशी बंद केला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

हिशोब मात्र अडला. तळाचं इंधन वीस टक्के कमी करून दाखवायचं कंत्राट होतं, आणि खिडक्या, छप्पर, बॉयलर सगळं करूनही आमची गाडी विसाच्या अलीकडेच थांबत होती. आमच्या कंपनीच्या साहेबांनी माझं संगणकातलं मॉडेल उघडून चाळलं आणि मला बोलावलं.

"चार नंबर रिकामी तापते, मीटर ओरडून सांगतंय, आणि ती तुमच्या बचतीत कुठेच नाही? उलट पुढच्या हिवाळ्यातही तुम्ही तिथे अख्खी तुकडी झोपवलीय."

"येतील ना ती मुलं परत."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

साहेब म्हणाले, अंदाजपंचे काम नको, तळालाच विचारू. दुसऱ्याच दिवशी आम्ही कॅप्टनच्या खोलीत जाऊन बसलो. येत्या हिवाळ्यांत कुठल्या बराकीत किती माणसं झोपणार, हा प्रश्न. आमच्या धंद्यात तो विचारावाच लागतो. बाहेर तो दुसरं कुणी कशाला विचारेल?

कॅप्टनला वरून माहिती आलेली होती. तो लॅपटॉपवर बघून एकसुरात वाचायला लागला. "एक नंबर, आहे तेवढेच. दोन नंबर, आहे तेवढेच. तीनही तसंच. चार नंबर, झोपणारं कुणी नाही. पाइप गोठणार नाहीत एवढीच ऊब ठेवा. येता हिवाळा, त्यापुढचा, त्यापुढचाही. पाच नंबर..."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "झाले की हो वीस टक्के!"

"ही बचत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "माणसं कमी झाली म्हणून इंधन कमी लागलं, याला बचत म्हणत नाहीत. आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही हिशोबांत माणसं सारखी धरायची असतात."

"मीटरला काय कळतंय?" साहेब हसत म्हणाले.

मी त्यांचा नाद सोडला आणि कॅप्टनकडे वळले. "ती मुलं परत आल्यावर झोपणार कुठे? दुसऱ्या कुठल्या बराकीत वाढवलीत?"

त्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "नाही, मॅडम."

"मेसमध्ये जेवणारे तेवढेच आहेत?"

"कमी झालेत."

"किती?"

तो पुटपुटत बेरीज करायला लागला आणि मधेच थांबला. इतके दिवस तो बराक एका पानावर बघत होता आणि मेस दुसऱ्या पानावर. दोन्ही एकत्र बघायची त्याला गरजच पडली नव्हती. "चार नंबरमध्ये होते तेवढेच," तो हळूच म्हणाला.

"बदली झाली असेल हो दुसऱ्या तळावर," साहेब म्हणाले. त्यांचा मला इतका राग आला होता, तरी ते वाक्य मी बुडत्याने काडी धरावी तसं धरलं. कॅप्टनने चष्मा काढला आणि विचारलं, "तुमचं कुणी आहे का तिथे, मॅडम?"

"भाचा."

"मला फक्त इमारतींचं कळवतात, मॅडम. खरंच सांगतो." तो चष्मा पुसतच राहिला. "बदली असली की सामान नव्या तळावर जातं. चार नंबरचं सामान घरोघरी पाठवायला पेट्या मागवल्यात. कधी पाठवायचं ते अजून आलेलं नाही."

साहेब लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले. त्यांनाही लाज आहे हे मला तेव्हा कळलं. पण काम थांबलं नाही. दुपारी ऑफिसात येऊन मी चार नंबरमधली सगळी माणसं काढली आणि मॉडेल चालवलं. एकही चूक निघाली नाही. वीस टक्क्यांच्या वर थोडं निघालं. अहवाल मंजूर होणार होता, आणि माझं नाव त्यावर पहिलं होतं.

घरी जाताना मी ठरवलं, ताईला काही सांगायचं नाही. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं, मग मी तरी काय सांगू? आणि पेट्या कधी यायच्या त्या येवोत. तोपर्यंत तरी तिला जेवू दे.

ताई दारातच हसत उभी होती. "ये. आज तुझ्या मनासारखं केलंय. हीटर लावलाच नाही. म्हटलं, फौज तिथे त्याची वाट बघतेय, मग मी कशाला उगाच तुझं बिल वाढवू?" ती चहा ठेवायला वळली. "आणि तू अशी गप्प का? साहेब बोलले का काही?"

"दमलेय," म्हणून मी आत गेले. ढब्बूच्या खोलीत गारठा होता. पलंगावरची चादर ताईने ताणून बसवली होती, एक सुरकुती नाही. मी उभ्याउभ्याच बटण दाबलं आणि हीटरची तार लाल होईपर्यंत बघत राहिले. आपण काय करतोय ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

मागे वळले तर ताई दारात, हातात कप. तिने हीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या घरात तो मी आजवर एकदाही लावला नव्हता.

"तू लावलास?" ती म्हणाली.

"खोली गार होती."

कप तिने सावकाश जमिनीवर ठेवला आणि तिथेच उंबऱ्यात बसली. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही, ताई." हे खरं होतं. खोटं बोलायला मला काही सुचलंच नाही.

ती रडली नाही. खोली आता तापायला लागली होती.

"मग बंद कर," ती म्हणाली. "उगाच बिल येतं."

मला बंद करवेना. शेवटी तीच भिंतीला धरून उठली आणि तिने बटण बंद केलं.