पहिले नाव क्षमाचे

गेलेल्या माणसाची जागा किती काळ राखून ठेवावी, हे कोणत्याही शास्त्राने निःसंशयपणे सांगितलेले नाही. राखणाऱ्याला ती भक्ती वाटते; त्याच्यासोबत राहणाऱ्याला कधीकधी तिचे भय वाटते.

दिंडोशीच्या वसाहतीत देवदत्त केळुसकर यांच्या घरी रविवारी सकाळी हाच प्रश्न उभा होता.

"बाबा, प्रॉमिस केलंयस हं. या वेळी आईचं नाव नको," स्वरदा म्हणाली. "तीन वर्षं झाली तिला जाऊन. कॉम्प्युटर लावला की आधी 'क्षमा' येतं. धस्स होतं रे मला."

"नाही घालत," देवदत्त म्हणाले.

अंधेरीच्या एका कारखान्यात वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. घरच्या संगणकावर मात्र त्यांनी वीस वर्षांत लिनक्स या संगणकप्रणालीचे नाना अवतार नांदवले: मँड्रेक, उबुंटू, डेबियन, फेडोरा. जुनी प्रणाली पुसायची, नवी बसवायची. पती-पत्नीच्या फायलींच्या कप्प्यांना तेवढा धक्का लावायचा नाही, असा नेम. नव्या प्रणालीत पहिले नाव क्षमाचे, दुसरे स्वतःचे. "नव्या घरात कलश घेऊन आधी मी," असे ती हसून म्हणे.

अकराच्या सुमारास त्यांनी मिंट ही नवी प्रणाली बसवली आणि प्रथमच पहिले नाव स्वतःचे घातले. दुसरे घातलेच नाही.

मग त्यांनी आपला कप्पा उघडू पाहिला. काळ्या पडद्यावर उत्तर आले: परवानगी नाही. क्षमाचा कप्पा मात्र निमूटपणे उघडला.

"हे काय आता?"

"माझीच चूक. यंत्र माणसाला नावानं नाही गं, क्रमांकानं ओळखतं. पहिल्याला हजार, दुसऱ्याला हजार एक. हजार तिचा होता, तो मी घेतला. त्याच्या लेखी आता मीच क्षमा. माझ्या फायलींना धनीच उरला नाही."

"वाट लागली!" स्वरदा हसली. मग तिने आईच्या उघड्या कप्प्यात पाहिले.

कप्प्यात 'गृहप्रवेश' नावाची एक फाईल होती. मँड्रेकनंतरच्या प्रत्येक स्थलांतराची तारीख आणि पुढे एकच ओळ.

उबुंटू. कलश माझ्याच हाती.

डेबियन. अक्षरं बारीक, चष्मा लागणार.

फेडोरा. आधी मीच. ह्यांनी लक्षात ठेवलं.

फेडोराची तारीख गेल्या वर्षीची होती, क्षमा गेल्यानंतरची. तिच्याखाली आजची तारीख होती, आणि वेळ, अकरा वाजून दहा मिनिटे.

मिंट. मी दाराबाहेर.

"बाबा... हे तू लिहिलंस?"

"तिच्या कप्प्यात मी आजवर डोकावलोसुद्धा नाही."

"पण इथे मालक म्हणून तुझंच नाव आहे."

देवदत्तांनी ते नाव पुन्हा वाचले. आपलेच नाव त्यांना परक्याचे वाटले.

स्वरदाने बराच वेळ दाराकडे पाहिले. मग ती खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी बसली. "पूस सगळं. परत बसव."

"आणि प्रॉमिस?"

"आधी तिला आत घे ना, बाबा."

दुसऱ्या खेपेस पहिले नाव, आईचे, स्वरदाने स्वतःच्या हाताने टंकले. दुसरे देवदत्तांचे. त्यांचा कप्पा उघडला. मग त्यांनी क्षमाच्या कप्प्यावर हलकेच टकटक केल्यागत कळ दाबली.

परवानगी नाही.

कप्पा पुन्हा तिचा झाला होता. त्यांनी पडद्याला हात जोडले. आत आता कोणती नवी ओळ उमटली असेल, हे पाहण्याचा आणखी प्रयत्न दोघांपैकी कोणीही केला नाही.

उंबरठ्याच्या आत आहेत त्यांचे आणि बाहेर राहिले त्यांचेही कल्याण असो.