मावशीसाठी केलेली जेली

सुपीरियर सरोवर गोठलं त्या आठवड्यात आमच्या गावाने माझ्या आईला आळशी ठरवून टाकलं. त्यात पहिला मान व्हर्नामावशीचा.

आई शाळेची पिवळी बस चालवते. थायरॉइड मंद, म्हणून रोज सकाळी एक गोळी. केस गळायला लागले तशी मावशीने तिला आपली गोड अस्वलं सुरू केली. अस्वलाच्या आकाराची, चघळून खायची ती केसांची औषधं मावशी घरोघरी विकते. तेव्हापासून रक्ताचा रिपोर्ट एकच सांगू लागला: थायरॉइडची गोळी जास्त होतेय. डॉक्टरांनी ती दोनदा कमी केली. आईचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, आणि एका सकाळी मागे वीस मुलं असताना तिला स्टिअरिंगवर डुलकी लागली. शाळेने बजावलं: शुक्रवारच्या तपासणीत आजार दिसला तर रजा, नाहीतर नोकरी गेली.

"आजार कसला, मार्लिस! बूड जड झालंय तुझं," मावशी म्हणाली. "थायरॉइड मलाही आहे. बघ मी कशी, हरणासारखी!"

"हरणं एवढी लिपस्टिक लावतात?" मी म्हणाले. वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून माझी जीभ घरातही थांबत नाही.

शनिवारी मावशीच्या बाटल्यांवर 'प्रेमाने, व्हर्ना' असे सोनेरी स्टिकर लावायचं काम माझं. जागा ठरलेली, मागच्या बारीक अक्षरांवर. त्या दिवशी एक तिरका बसला. नखाने उचकटला, तर खाली लिहिलेलं: यातल्या बायोटिनमुळे रक्ततपासणी चुकू शकते, आधी तीन दिवस घेऊ नये.

"तुला माहीत होतं?"

"मी तर चार दिवस आधीच बंद करते," मावशी नखं न्याहाळत म्हणाली. "शुक्रवारी माझीही तपासणी आहे ना! तुझ्या आईला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?"

आईची अस्वलं मी लगेच बंद केली. कारण सांगितलं तर "बरं" म्हणाली आणि बसल्याबसल्या झोपली.

मावशीची बाटली मात्र ठेवून घेतली. गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये जेवण होतं. सगळ्यांसाठी रास्पबेरीची जेली केली आणि एका वेगळ्या वाटीत तीस अस्वलं विरघळवली. होऊ दे हिचाही रिपोर्ट चुकीचा! होऊ दे हिचीही गोळी कमी! सुजू दे हरणाला!

"मावशी, ही खास तुला."

"आयली, माझी गुणाची भाची ती!"

त्या संध्याकाळी मी इतक्या जोरात गायले की पाद्रीसुद्धा वळून बघत होते.

सोमवारी मावशी आमच्याच स्वयंपाकघरात बसून मिरवत होती. तिचा रिपोर्ट अगदी उत्तम.

"आणि जेली?" मी विचारलं.

"रास्पबेरीने मला खाज सुटते, विसरलीस? मार्लिसला दिली. चाटूनपुसून खाल्ली हो! म्हणे, माझ्या लेकीच्या हातची."

तेवढ्यात फोन वाजला. नर्स होती. आईने बराच वेळ ऐकून घेतलं.

"थायरॉइड आधीपेक्षाही जास्त?" ती हळूच म्हणाली. "गोळी आणखी कमी? नाही हो, ती अस्वलं आठवडाभर तोंडात घातली नाहीत. माझी लेक शपथेवर सांगेल."

तिने सुजलेल्या बोटांनी फोन माझ्यापुढे धरला.

"सांग गं त्यांना, बाळा."