बास कोणी म्हणायचं?

मित्रांनो, मी एक जुना, द्राक्षं पिळायचा लाकडी प्रेस आहे. घरात मला पिळ्या म्हणतात. नाव ठेवताना मला कोणी विचारलं नव्हतं, पण आता ते चिकटलं ते चिकटलंच. आमची छोटी घरगुती वाइनरी बघायला जे पाहुणे येतात, ते आधी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. "अय्या, किती गोड आहे हा!" म्हणत माझ्या पट्ट्यांवर चापट्या मारतात. मी गोड नाही. मी जाड लाकडाचा, लोखंडी कण्याचा आणि तापट डोक्याचा आहे. माझं ऐकायला इथे कोणालाच सवड नसते, म्हणून आज तुम्हाला धरून बसवलं आहे.

गाड्यांची चाकं करणाऱ्या एका सुताराने मला घडवलं. उभ्या पट्ट्यांची गोल टोपली, तिला लोखंडी कडी, मधोमध जाड आट्यांचं मळसूत्र, त्यावरून खाली सरकणारं जड झाकण आणि फिरवायला लांब दांडा. खाली दगडी बैठक आणि रस बाहेर पडायला एक पन्हळ. सुतार माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "हा माझ्या नातवंडांनाही पुरून उरेल." माझं एवढं कौतुक पुढे कोणीच केलं नाही.

थोरले मालक आणि मालकीणबाई यांनी मला इथे आणलं. त्यांच्या मळ्यात द्राक्षाची एकच जात होती, याच भागात पिकणारी, पातळ सालीची आणि मोठ्या बियांची. तिला घरात 'रुसवी' म्हणत, कारण जरा जास्त दाबलं की ती रुसायची. पहिला रस नितळ आणि गोड यायचा. मग जरा तुरट. त्यानंतरही दाबत राहिलं की साली आणि बिया आपला राग बाहेर काढायच्या आणि रस कडू व्हायचा. तो कडवटपणा एकदा टाकीत गेला की कशानेही जात नाही.

म्हणून मालकीणबाईंनी एक नियम घालून दिला होता. दांडा फिरवणाऱ्याने रस चाखायचा नाही, आणि पन्हळीशी वाटी घेऊन बसणाऱ्याने दांड्याला हात लावायचा नाही. दांडा हातात आला की माणसाला चेव चढतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या पन्हळीशी बसायच्या, अधूनमधून घोटभर रस जिभेवर घ्यायच्या आणि रस बदलला की म्हणायच्या, "बास." मग मालक कितीही रंगात आलेले असोत, दांडा जागच्या जागी थांबायचा.

त्यांच्या मागे ती जागा मुलीकडे आली. जीभ तशीच, अगदी आईची. सगळे तिला ताई म्हणतात. दांडा आला धाकट्या भावाकडे. तो भाऊ. ती वर्षं चांगली गेली. रुसवीची वाइन लांबलांबच्या गावांत मागितली जाऊ लागली. लोक मळ्याची तारीफ करायचे, ताईची करायचे, भाऊच्या दंडांचीसुद्धा करायचे. माझी कोणी केली नाही, ते राहू द्या. हंगाम संपला की माझ्यावर रिकामी पोती टाकायचे आणि एका वर्षी तर कोणीतरी मोजे वाळत घातले. तेही राहू द्या.

खरं दुखणं पुढे सुरू झालं. एका हंगामात भाऊने माझ्या टोपलीतला चोथा मुठीत घेऊन दाबला. बोटांतून चार थेंब टपकले आणि माणसाचे डोळे फिरले.

"ताई, बघ हे! अजून केवढा रस आहे यात! आणि आपण हा गुरांपुढे टाकतो."

"तो टाकायचाच रस आहे," ताई म्हणाली.

"तुझं बास दर वर्षी लवकर येतं."

"आणि तुला ते दांड्यावरून कळतं?"

"बरं बाई, मग तुझं बास तुझ्याजवळच ठेव!"

ताई उठली. शेजारच्या खोलीत जाऊन बाटल्यांना लेबलं चिकटवायला बसली. पन्हळीखाली भाऊने एक मोठं पातेलं ठेवलं. पातेल्याला जीभ नसते, मित्रांनो.

मग काय विचारता! भाऊ दांड्याला लोंबकळून मला पिळायचा. माझी कडी ताणली जायची, पट्ट्या वाकायच्या. आतली रुसवी कडू झाली आहे हे मला पट्टीपट्टीला कळत होतं, पण सांगू कसा? मी जिवाच्या आकांताने कुरकुरलो. तर या शहाण्याने काय करावं? मळसूत्राला तेल घातलं! माझी तक्रार बंद आणि दांडा आणखी हलका.

त्या वर्षीची वाइन घशात ओरखडे काढणारी निघाली. भाऊने पावसाला शिव्या घातल्या. पुढल्या वर्षीही तेच. तेव्हा बुचं वाईट निघाली, टाकी नीट धुतली नव्हती, माती दमली होती. त्याने सगळ्यांना दोषी धरलं, फक्त दांड्याला सोडून. नेहमीची गिऱ्हाईकं एकदा घेऊन गेली ती परत फिरकली नाहीत.

"अहो, एकदा ताईंना विचारून तर बघा," त्याची बायको, आमची वहिनी, म्हणाली.

"ताईला काय विचारायचं? वेलच म्हातारे झालेत. या द्राक्षातच खोट आहे."

आणि त्याने ठरवून टाकलं. या हंगामानंतर रुसवीचा मळा मशीन लावून उपटायचा आणि बाजारात ज्या जातीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, ती लावायची. माणूस सांगूनही ठेवला. ज्या वेलांची छाटणी ताई लग्न न करता, सणवार न बघता इतकी वर्षं स्वतःच्या हाताने करत आली होती, तेच हे वेल. जेवताना भाऊने हे तिला सांगितलं म्हणे. दुसऱ्या दिवशी तिने चिकटवलेलं एकही लेबल सरळ नव्हतं.

मला इतका संताप आला! दोष पिळण्याचा, आणि उपटायचं वेलांना? अरे, मला विचारा ना! मी आत बसलोय!

शेवटचा माल आला त्या सकाळी भाऊ भरलेलं क्रेट उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. पाठीत उसण भरली. चुरलेली द्राक्षं माझ्यात भरून तयार होती आणि ती ताटकळत ठेवता येत नाहीत, रस काळवंडतो. वहिनीने एकटीने दांडा ढकलून पाहिला. तो तसूभर हलेना. शेवटी तिने ताईला हाक मारली.

ताई आली. बोटांना खळ तशीच. कमरेत वाकलेल्या भावाकडे तिने एकदा पाहिलं आणि पन्हळीजवळचं बुटकं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं.

"आम्ही दोघी फिरवतो. तू इथे बस. पातेलं भरलं की सांग."

उभ्या आयुष्यात भाऊ पहिल्यांदा पन्हळीशी बसला. रिकामा माणूस काय करणार? त्याने वाटीत रस घेतला आणि चाखला. चेहरा असा उजळला, जणू आईच समोर येऊन बसली आहे. थोड्या वेळाने परत चाखला. रस तुरट झाला होता. त्याने मान वर करून ताईकडे पाहिलं. ताई फिरवत होती.

तो वाट बघू लागला. मी शपथेवर सांगतो, तो त्या एका शब्दाची वाट बघत होता. तो शब्द नेहमी दुसऱ्याच कोणाकडून यायचा. ताईचा आवाज काही फुटला नाही. दांडा गरगरत राहिला. त्याने पुन्हा चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, अगं..."

"काय? अजून केवढा रस आहे यात. गुरांपुढे टाकायचा का?"

आणखी एक फेरा. माझी कडी कण्हली. भाऊने आणखी एक घोट घेतला आणि लगेच थुंकून टाकला. वाटीकडे बघत बसला. "हे मी टाकीत घालत होतो?" असं काहीतरी पुटपुटला. मग त्याने झटकन पन्हळीखाली स्वतःचा तळहात धरला, म्हणजे पुढचा थेंब पातेल्यात पडू नये.

"बास," तो म्हणाला. ताई थांबली नाही. "बास गं ताई! बास!"

तिने दांडा सोडला.

"आणि एवढ्यासाठी तू माझे वेल उपटणार होतास," ती म्हणाली.

भाऊला उठून तिच्याजवळ जायचं होतं, पण पाठ उठू देईना. तो स्टुलावरूनच वहिनीला म्हणाला, "त्या मशीनवाल्याला फोन लाव. येऊ नको म्हणावं."

"पाठ धरली म्हणून सांगू?"

"नको. माझं चुकलं म्हणून सांग."

पुढल्या हंगामापासून ताई परत पन्हळीशी बसते, आणि वाइनमध्ये ओरखडा नावाला नाही. पाहुणे परत यायला लागले आहेत. एकाने परवा गुपित विचारलं, तर भाऊ छाती फुगवून म्हणतो, "आमच्या मातीचा गुण आहे." माती म्हणे! मी हातभर अंतरावर उभा होतो. ताई मात्र तोंडाला पदर लावून हसत होती, म्हणून मी गप्प बसलो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काम झालं की मला त्याच दिवशी धुवा, चोथा आत आंबवत ठेवू नका, माझ्यावर मोजे वाळत घालू नका. आणि तुमच्या हाती कधी दांडा आला, तर खुशाल फिरवा, पण मधूनच उठून पन्हळीशी येऊन बसा आणि आपण काय काढतो आहोत ते स्वतःच्या जिभेने चाखा. जो पिळला जातो, त्याला फक्त कुरकुरता येतं. बास म्हणायला माणूस लागतो.